वाईहून एका दिवसात पाचगणी-महाबळेश्वर: तिथलंच असं काय खायचं, कुठे आणि किती?

हुरडापार्टी, सोलापूर

गड्डा यात्रा उरकली की फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात वाईला जायचं घाटतंय. शनिवारी संध्याकाळी वाईत नातेवाइकांकडे मुक्काम, रविवारी सकाळी घाट चढून पाचगणी-महाबळेश्वर, रात्री परत वाई, सोमवारी सकाळी निघून सोलापूर. माणसं आठ, गाड्या दोन. त्यात ७२ वर्षांच्या सासूबाई (साखर आहे, गोळ्या चालू, इन्सुलिन नाही), एक मुलगा नऊ वर्षांचा आणि मुलगी चार वर्षांची. मुलीला घाट लागतो. सगळे शाकाहारी.

पॉइंट दोन-तीनच बघू, बाकी दिवस खाण्यासाठी राखलाय. पण पावभाजी, पंजाबी थाळी आणि नूडल्स इथे सोलापुरात सात रस्ता चौकातही मिळतात, त्यासाठी एवढं लांब जायचं नाही. त्या डोंगरात जे पिकतं आणि तिथल्या घरांत जे शिजतं ते खायचंय. जेवण कुठे सांगून ठेवावं आणि नेमकं काय सांगावं? स्ट्रॉबेरी शेतात बसून खाता येते का? आणि ती सोमवारी सोलापुरात धड पोचते का? शोधलं तर सगळीकडे कॉर्न पॅटीस आणि स्ट्रॉबेरी क्रीम एवढंच सापडतं.

पसरणी_घाट

ताई, आधी दिवसाचा क्रम लावा, पदार्थ मग. रविवारी महाबळेश्वरात खाण्याचा विचका होतो तो बहुतेक वेळेमुळे. अकरा-साडेअकराला पुण्या-मुंबईच्या गाड्या वर पोचतात, वेण्णा तलावापाशी आणि गुरेघरला मॅप्रो गार्डनपाशी वाहनं खोळंबतात, आणि ज्यांनी जेवण सांगून ठेवलेलं नसतं ते तीन वाजता कावून समोर येईल ते खातात. बहुतेक वेळा ती पंजाबी थाळीच असते.

वाई ते पाचगणी १२-१३ किलोमीटर, पाचगणी ते महाबळेश्वर १९-२०, तिथून क्षेत्र महाबळेश्वर आणखी सहाएक. लोक चढताना वाटेत थांबत थांबत जातात, तुम्ही उलटं करा. सकाळी साडेसहा-पावणेसातला वाई सोडा आणि कुठेही न रेंगाळता थेट क्षेत्र महाबळेश्वर गाठा. साडेआठपर्यंत पोचाल. पंचगंगेचं दर्शन, मंदिराच्या आवारात फिरणं, हवं तर पुढे आर्थर सीट. हे सगळं साडेदहापर्यंत उरकतं. मग गर्दी वर येत असताना तुम्ही पाचगणीच्या दिशेने खाली निघालेले असाल. समोरची लेन तुंबलेली, तुमची मोकळी.

जेवण भिलारला सांगा. पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यावरून आत वळलं की हे गाव लागतं. २०१७ पासून ते 'पुस्तकांचं गाव' म्हणून ओळखलं जातं, त्यामुळे घराघरांत पुस्तकं मांडलेली आहेत. नऊ वर्षांच्या मुलाला जेवण होईपर्यंत तिथे गुंतवता येईल. गावाचा खरा धंदा स्ट्रॉबेरीचा. बऱ्याच घरांत कृषी पर्यटनाची सोय आहे, आदल्या दिवशी फोन केला तर घरचं जेवण मिळतं. ऐनवेळी दारात जाऊन मागू नका, मिळालं तरी घाईचं मिळेल.

फोनवर 'मराठी जेवण' एवढंच सांगितलंत तर पनीर, चपाती आणि गुलाबजाम येण्याची शक्यता जास्त. पाहुण्यांना तेच आवडतं असा सगळीकडे समज आहे. म्हणून नावं घेऊन सांगा: नाचणीची भाकरी, पिठलं, पावट्याची किंवा घेवड्याची आमटी, खरडा, ताक, साधा भात. फेब्रुवारीत ओला पावटा असतो, तो आवर्जून मागा. भाकरी नाचणीचीच हवी हे दोनदा सांगा, नाहीतर ज्वारीची येईल. ती चांगलीच असेल, पण मंगळवेढ्याच्या मालदांडीच्या मुलखातून येणाऱ्याने घाटावर जाऊन ज्वारी का खावी?

आकडाही सांगा. सहा मोठ्यांना दोन-दोन आणि मुलांना मिळून दोन, म्हणजे १४ भाकऱ्या. एका तव्यावर एक भाकरी थापून, भाजून उतरायला तीन-चार मिनिटं लागतात, म्हणजे १४ भाकऱ्यांना पाऊण तास तरी हवा. 'साडेबाराला बसणार' असं सांगा आणि साडेबाराला बसा. तास उशीर केलात तर गार भाकरी मिळेल, आणि गार नाचणीची भाकरी खाववत नाही. ज्वारीची गार भाकरी दुधात कुस्करून तरी चालते, नाचणीची मात्र कडक होते आणि घासाला तुटत नाही. या पिठाला चिकटपणा नसतो, पाणी उकळून उकड काढूनच भाकरी थापावी लागते, आणि ती तव्यावरून ताटात येते तेव्हाच खरी. वर लोणी किंवा तूप मागून घ्या.

तिखटाबद्दल एक सूचना. सोलापूरची माणसं 'आम्हाला तिखट चालतं' असं सहज बोलून जातात. इथल्या आमटीत कांदा-लसूण चटणी असते. आपल्या काळ्या तिखटाचा खमंगपणा तिला नाही, ती लाल आणि थेट झोंबणारी असते. बेताचं सांगा, खरडा वेगळा मागा. ज्याला हवा तो तोंडी लावेल.

बांधावरची_फळं

क्रम बरोबर आहे, पण स्ट्रॉबेरीच्या बाबतीत दुपारी शेतात जाण्याला माझी हरकत आहे. फळ तोडायची वेळ सकाळची. उन्हात तापलेलं फळ मऊ पडतं, हाताळलं की डाग पडतो आणि टिकतही नाही. म्हणून ज्या घरी जेवण सांगाल त्यांनाच सांगून ठेवा: सकाळी तोडलेला माल सावलीत ठेवा, दुपारी नेतो. शेतात बसून हाताने दहा-वीस तोडून खायला दुपारही चालते. घरी न्यायचा माल मात्र सकाळचाच घ्या.

फळ कसं ओळखायचं? स्ट्रॉबेरी तोडल्यावर गोड होत नाही. आंबा-केळीसारखी ती पिकत घालता येत नाही. ठेवली तर रंग गडद होईल, गोडी तेवढीच राहील. देठाच्या टोपीखाली पांढरा पट्टा असेल तर ते फळ कच्चंच तोडलेलं आहे, लांबच्या बाजारासाठी. तुम्हाला टोपीपर्यंत लाल, चकचकीत आणि टोपी हिरवी ताजी असलेलं हवं. आकाराला भुलू नका. भलं मोठं फळ पुष्कळदा आतून पोकळ आणि पाणचट निघतं, मध्यम फळ चवीला उजवं असतं. वासावर विश्वास ठेवा. वास नसेल तर चवही नसते.

डबा घेताना उलटा करून खालून बघा. वर मोठी आणि खाली बारकी रचायची पद्धत जुनी आहे. खालच्या थरात रस सुटलेला दिसला किंवा एका जरी फळावर राखाडी बुरशी दिसली तर तो डबा सोडा. ती बुरशी एका फळावरून शेजारच्या फळावर रात्रीत जाते.

शेतमालकाला एक प्रश्न न लाजता विचारा: शेवटची फवारणी केव्हा झाली? या फळाला साल नाही, जे वर आहे ते पोटात जातं. स्वच्छ पिण्याच्या पाण्यात दोनदा धुवा, पण टोपी काढायच्या आधी. टोपी काढून धुतलं की पाणी आत शिरतं आणि फळ बेचव होतं. धुण्यासाठी पाच लिटरचा कॅन आणि एक चाळणी गाडीत टाका. रस्त्याकडेला कापून ठेवलेल्या फळांच्या बशीत सगळ्यात संशयास्पद गोष्ट असते ते धुतलेलं पाणी, पोट बिघडतं ते बहुधा तिथेच.

थोडी माहिती असू द्या, मुलं विचारतात. पाऊस ओसरला की सप्टेंबर-ऑक्टोबरात लागवड होते, नोव्हेंबरअखेरपासून एप्रिलपर्यंत फळ मिळतं. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. विंटर डॉन, स्वीट चार्ली, कॅमरोसा, नाभिला ही जातींची नावं तिथे ऐकू येतील. कुठली गोड, यावर शेतकऱ्यांचंच एकमत नाही, चाखून ठरवा.

स्ट्रॉबेरीखेरीज वर काय आहे याकडे कुणी बघत नाही. लाल गाजरांच्या आणि मुळ्यांच्या पाल्यासकट बांधलेल्या जुड्या वेण्णा तलावाजवळ आणि बाजारात मिळतात. गाजर तिथेच धुऊन चावून खायचं. थंडीतलं गाजर गोड असतं आणि सासूबाईंनाही चालेल. इंग्रजांच्या काळात इथे चिनी कैद्यांचा तुरुंग होता, त्यांनी बटाटे आणि विलायती भाज्या इथे पिकवल्या, त्या परंपरेतली ही गाजरं. कागदी पिशवीत लपलेलं पिवळं आंबटगोड फळ दिसेल, त्याला तिथे गूजबेरी म्हणतात, आपल्याकडे रसभरी. तुती फेब्रुवारीच्या शेवटाकडे सुरू होते, पंधरवडा आधी जाणार असाल तर ती हमखास मिळेल असं धरू नका.

डबा_आणि_थर्मास

सासूबाई आणि धाकटी, दोघींचं सांगते.

घाट लागणाऱ्या मुलीला रिकाम्या पोटी बसवू नका आणि दूध पाजूनही बसवू नका. दोन्हींचा परिणाम पसरणी घाटाच्या मधल्या वळणांवर दिसतो. निघायच्या पाऊण तास आधी कोरडं आणि थोडं: कडक भाकरीचा तुकडा, खारी बिस्किटं किंवा मुरमुरे. बसायला मधली सीट, तिथून समोरचा रस्ता दिसला पाहिजे, आणि हातात मोबाईल नको. गोळी डॉक्टरांना विचारूनच, आणि घाटाच्या पायथ्याशी देऊन उपयोग नाही, किमान अर्धा तास आधी पोटात गेलेली हवी. मोठ्यांसाठी आलेपाकाची वडी ठेवा. वर पोचल्यावर वीस मिनिटं थांबून मगच खायला द्या. उतरताना त्रास जास्त होतो हे लक्षात ठेवा, म्हणून परतीच्या तासभर आधी क्रीम, मिल्कशेक बंद.

आता साखर. स्ट्रॉबेरी तिला फार वाईट नाही. १०० ग्रॅममध्ये सगळी पिष्टमय द्रव्यं धरून साताठ ग्रॅम, केळ्यात त्याच्या जवळपास तिप्पट. आठ-दहा मध्यम फळं खायला हरकत नसावी. घात करतं ते त्याच्यासोबतचं. क्रीममध्ये साखर, वरून ओतलेला क्रश (त्यात निम्म्याच्या आसपास साखरच असते), खाली आइस्क्रीम. एका मोठ्या ग्लासात साखरेचा दिवसाचा कोटा संपतो. त्यांना नुसती फळं, पिठीसाखर न घातलेलं थोडं साधं क्रीम, आणि चव यावी म्हणून मिरपूड-मिठाची चिमूट. हे शेतात सहज जमतं.

नाचणीची भाकरी 'शुगरला चांगली' म्हणून लोक तीन-तीन खातात. चांगली आहे ती तांदळाच्या तुलनेत, तिच्यातल्या तंतूंमुळे. कॅल्शियम भरपूर, १०० ग्रॅमला ३०० मिलिग्रॅमच्या पुढे. पण पीठ ते पीठच. एक भाकरी, वाटीभर आमटी, भाजी, ताक, आणि भात वगळायचा. दुसरं म्हणजे गोळी घेतल्यावर जेवण लांबता कामा नये. साडेबाराचं जेवण अडीचला गेलं तर साखर खाली जाऊ शकते. मुठभर भाजलेले चणे आणि दोन बिस्किटं त्यांच्या पर्समध्येच ठेवा, डिकीतल्या पिशवीत नको. गाडी एकीकडे आणि माणूस दुसरीकडे असंच तिथे होतं. थंड हवेत भूकही जास्त लागते आणि पाणी मात्र प्यायलं जात नाही, म्हणून थर्मासमधून कोमट पाणी थोडं थोडं देत राहा.

माकडं फार आहेत. पॉइंटवर हातात पारदर्शक पिशवी नको, मुलीच्या हातात कणीस तर मुळीच नको. गाडीची काच खाली ठेवून खाऊ नका.

हुरडापार्टी, सोलापूर

किती नेमकं सांगितलंत सगळ्यांनी! भिलारचं पक्कं करते. दोन शंका राहिल्या. कडक भाकरी आणि शेंगा चटणी बरोबर न्यायची सवय आहे, वर ती मऊ पडते का? आणि कॉर्न पॅटीस, चणे, चिक्की हे 'तिथलं' म्हणायचं की नाही? मुलं सोडणार नाहीत.

पसरणी_घाट

फेब्रुवारीत वर हवा कोरडी असते, कडक भाकरी कडकच राहील. जून ते सप्टेंबरात गेलात तर डबा उघडल्यापासून तासाभरात वातड होते, तेव्हा फोडून घट्ट झाकणाच्या डब्यात, लागेल तेवढीच बाहेर. शेंगा चटणीला काहीच होत नाही, न्याच. वाईच्या नातेवाइकांसाठी अर्धा किलो जास्तीची घ्या. त्यांच्याकडे शनिवारी रात्री कृष्णाकाठचं भरलं वांगं मागून घेता येईल, देवाणघेवाण बरोबरीची होईल.

कॉर्न पॅटीसबद्दल माझं मत वाईट आहे. मका कुठलाही, तेल दिवसभराचं, आणि गर्दीच्या दिवशी पॅटीस आधी अर्धवट तळून ठेवतात, मग गिऱ्हाईक आलं की पुन्हा तेलात. दोनदा तळलेलं तेलकट होणारच.

चणेफुटाणे

एवढंही वाईट नाही हो. मका तिथला नसेल, पण पदार्थ तिथे रुजलाय. सकाळी नवाच्या आत खा, तेल ताजं असतं. कढईकडे बघून ठरवा: तेल काळसर असेल, कडेने फेस धरून राहत असेल किंवा धूर येत असेल तर पुढची गाडी बघा. एक प्लेट दोघांत. साच्याबाहेर काढून कढईत सोडलेलं मागा, परातीतलं गरम करून दिलेलं नको. भाजलेलं कणीस तर त्याहून बरं, तिथे तेलाचा प्रश्नच नाही. निखाऱ्यावर भाजलेलं घ्या, लिंबू-तिखट आपल्या समोर चोळायला सांगा.

चण्यांचं तसंच आहे. हरभरा तिथे पिकत नाही, पण भाजणं आणि मसाला लावणं तिथलं. साधे खारे आणि हळदीचे चणे उत्तम, चीज-पेरीपेरी वगैरे नुसती पावडर. घेताना दाताने फोडून बघा: मध्ये चिवट लागला तर ओल धरलेला आहे, घरी येईपर्यंत आणखी मऊ पडेल.

मध_आणि_डोंगर

ज्याला खरोखर 'तिथलं' म्हणता येईल त्या मधाचं नाव अजून कुणी घेतलं नाही. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर हे गाव २०२२ मध्ये देशातलं पहिलं 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं. डोंगरात जो फुलोरा येतो तशी मधाची चव बदलते. जांभळाचा मध किंचित कडवट आणि गडद, हिरड्याचा वेगळा. कारवी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते, त्यामुळे तिचा मध दर वर्षी मिळत नाही. दुकानात बाराही महिने 'कारवी मध' म्हणून काही विकत असतील तर कोणत्या साली फुलली होती ते विचारा, उत्तर ऐकण्यासारखं असतं.

पाण्यात थेंब टाकून बघणं, कागदाला लावून जाळून बघणं, या घरगुती कसोट्यांवर जाऊ नका. पाक घट्ट असला तर तोही या परीक्षांत पास होतो. सहकारी सोसायटीचा किंवा खादी ग्रामोद्योगाचा, ॲगमार्क आणि बॅच नंबर असलेला घ्या. घरी आल्यावर तो गोठून दाणेदार झाला तर फसवलं म्हणून बोंब मारू नका, खरा मधही गोठतो. बाटली कोमट पाण्यात उभी करायची, हाताला सोसेल एवढंच गरम, गॅसवर नाही. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात चाटवायचा नाही. सासूबाईंना 'नैसर्गिक आहे' म्हणून देऊ नका, साखरेच्या दृष्टीने मध म्हणजे साखरच.

बाजार शेवटी करा, आणि पाचगणीत करा. महाबळेश्वरच्या बाजारात पार्किंग शोधण्यात तास जातो. टेबललँड साडेचारला, मग खरेदी, आणि उजेडात घाट उतरा.

बांधावरची_फळं

स्ट्रॉबेरी सोलापुरात पोचवण्याचं राहिलं. रविवारी दुपारी घेतली तर सोमवारी दुपारी घरी, म्हणजे सुमारे २४ तास. जमतं, पण नियम पाळले तर.

पसरट पुठ्ठ्याचा खोका घ्या, तळाला वर्तमानपत्राच्या दोन घड्या, त्यावर एकच थर, फार तर दोन आणि मध्ये कागद. धुवायची नाही, टोपी काढायची नाही. झाकण घट्ट नको, प्लास्टिकची पिशवी तर नकोच, आतल्या आत घाम धरून सडते. रविवारी रात्री वाईत फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. सोमवारी पहाटे निघा. खोका डिकीत नाही, गाडीत पायाशी, एसीचा झोत लागेल तिथे. पंढरपूरनंतर ऊन चढतं, तिथे गाडी उन्हात लावून जेवायला बसलात तर अर्धा माल गेला. घरी पोचल्याबरोबर निवडा: डाग पडलेली वेगळी, धड असलेली न धुता फ्रिजमध्ये. ती दोन दिवसांत संपवा. दोन किलोच्या वर नेऊ नका, वाटण्यातच नासते.

डागाळलेल्यांचा त्याच रात्री जॅम. बुरशीचं फळ टाकायचं, जॅममध्येही नाही. एक किलो फळाला ६५० ग्रॅम साखर आणि एका मोठ्या लिंबाचा रस. फोडी साखरेत दोन तास ठेवा, पाणी सुटेल. मग जाड बुडाच्या रुंद पातेल्यात मोठ्या आचेवर, फेस काढत, २०-२५ मिनिटं. या फळात पेक्टिन (जॅमला घट्टपणा आणणारा घटक) कमी असतं, लिंबू वगळलंत तर जॅम धरतच नाही आणि लोक साखर वाढवत बसतात. फ्रिजमध्ये थंड केलेल्या बशीवर थेंब टाकायचा, मिनिटाने बोटाने सरकवायचा. सुरकुती पडली की उतरवा. बारक्या आचेवर तासभर रटरटवलं की रंग विटकरी होतो आणि चव जळकी. एका वेळी किलोच्या वर घालू नका, तेच होतं.

क्रीम घरी करायचं असेल तर कोपऱ्यावरच्या दुकानातलं २५ टक्के स्निग्धांशाचं फ्रेश क्रीम कितीही घुसळलं तरी उभं राहत नाही. तीस-पस्तीस टक्क्यांच्या वरचं आणा, भांडं आणि रवी दोन्ही फ्रिजमध्ये तासभर गार करा. सोलापुरात मार्चनंतर हे पंख्याखाली करायला गेलात तर लोणी निघेल.

कोरेगाव_मार्गे

परतीचा रस्ता सातारा, कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी, म्हसवड, पंढरपूर असा धरलात तर दोन गोष्टी घ्या. साताऱ्यात कंदी पेढा: खवा खरपूस भाजलेला, साखर बेताची, म्हणून साध्या पेढ्यापेक्षा जास्त टिकतो. आणि कोरेगाव भागातला वाघ्या घेवडा, त्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. दाण्यावर लालसर-तपकिरी पट्टे असतात. यंदाचाच माल मागा. जुना दाणा आठ शिट्ट्यांनीही शिजत नाही.

चौघांना एक वाटी घेवडा आठ तास भिजवा, ते पाणी फेकून द्या. नव्या पाण्यात कुकरला चार-पाच शिट्ट्या आणि मंद आचेवर दहा मिनिटं. अर्धाकच्चा खाऊ नका, राजम्याच्याच जातीचा आहे, पोट बिघडतं. फोडणीत एक कांदा, त्यावर भाजलेलं सुकं खोबरं दोन चमचे, लसणाच्या सहा पाकळ्या आणि आलं यांचं वाटण, दोन चमचे कांदा-लसूण चटणी. आपलं काळं तिखट वापरणार असाल तर दीड चमचा पुरे. मीठ आणि चिंच दाणा मऊ झाल्यावरच. आंबट आधी पडलं की दाणा आखडतो तो आखडतोच.

बालाघाट

ज्यांना मुक्काम जमत नाही त्यांच्यासाठी: सोलापुरातून सकाळी निघून महाबळेश्वर करून रात्री परत, हे करू नका. एका बाजूचं अंतर पावणेतीनशे किलोमीटरच्या पुढे आहे, जाण्यायेण्यातच १२-१३ तास जातात. एका दिवसात डोंगर हवाच असेल तर तुळजापूर-धाराशिवमार्गे येडशीचं रामलिंग, साधारण ९० किलोमीटर. थंड म्हणाल तर पावसाळा आणि थंडीतच, उन्हाळ्यात तिथेही भट्टी. दशम्या, धपाटे, दही घरूनच न्या. खवा-पेढ्याची आवड असेल तर भूम तालुका आणि कुंथलगिरी थोडं पुढे आहे. माकडं तिथेही आहेत, महाबळेश्वरपेक्षा धीट.

हुरडापार्टी, सोलापूर

भिलारला फोन झाला. साडेबारा, १४ भाकऱ्या, ओला पावटा मिळेल म्हणाले. पनीर हवं का, असंही विचारलंच.